माझ्या कौतुकाचं शुद्धिपत्र

आमच्या भागातल्या वाचनालयांचं मिळून एक छोटं कार्यालय जळगावात होतं. त्या कार्यालयात मी लिपिक होतो आणि वार्तापत्राचा संपादकही होतो. यातलं पहिलं काम मला पगारासाठी दिलेलं होतं. दुसरं मी हौसेनं मागून घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, नोकरीत काय मिळवलंत? मी सांगतो, एक शुद्धिपत्र मिळवलं. तेही दुसऱ्याच्या हातचं.

वार्तापत्र म्हणजे काय, ते आधी सांगतो. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, मधे घडी घातलेला. महिन्यातून एकदा जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या वाचनालयांना जायचा. पारोळा, बोदवड, शिरपूर, चोपडा, आणि त्यांच्या पोटातली खेडी. वाचायचं कोणी, तर वाचनालयात काम करणाऱ्यांनी. कोणाची बढती झाली, कोण निवृत्त झालं, नवं परिपत्रक काय आलं, अहवाल कधीपर्यंत पाठवायचा, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, असा मजकूर. मागच्या पानावर तपासणीचं वेळापत्रक. तपासणी म्हणजे आमच्याकडची परीक्षा. वरून अधिकारी येतात, पुस्तकं मोजतात, रजिस्टरं बघतात, पाटीवर लिहिलेल्या वेळेत वाचनालय उघडं असतं का ते पाहतात. त्यावर वाचनालयाचा दर्जा टिकतो, आणि दर्जावर अनुदान. खेड्यातल्या वाचनालयात बहुधा एकच माणूस असतो. तोच ग्रंथपाल, तोच शिपाई, आणि झाडूही त्याच्याच हातात. दर्जा गेला की पहिला तो घरी जातो.

पहिल्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असायची, तिचं नाव 'कौतुक'. ती मी लिहायचो. खरं सांगायचं तर बाकीचं वार्तापत्र त्या चौकटीसाठीच निघतं अशी माझी समजूत होती. महिन्याचे पहिले वीस दिवस मी परिपत्रकं टाईप करायचो आणि उरलेले दहा दिवस त्या चौकटीसाठी विशेषणं शोधायचो. ग्रंथपाल असेल तर 'ज्ञानतपस्वी', बाई असेल तर 'ज्ञानज्योती'. एका शिपायाला मी 'ज्ञानयज्ञातील समिधा' म्हटलं होतं. त्याने फोन करून विचारलं, समिधा म्हणजे जाळायचं लाकूड ना? मी म्हणालो, हो, पण पवित्र. त्याने फोन ठेवून दिला.

वार्तापत्र कोणी वाचत नाही हे मला हळूहळू कळलं. पारोळ्याच्या बाजूला एका वाचनालयात गेलो, तर कपाटाच्या फळ्यांवर माझे अंक नीट अंथरलेले होते, त्यावर पुस्तकं रचलेली. बोदवडच्या ग्रंथपालाने तर मनापासून आभार मानले. "भाऊ, तुमचा कागद चांगला जाड असतो. रजिस्टरला कव्हर घालायला बरोबर पुरतो." मी त्यालाही कौतुक समजलो. माणसाला आपलं लिहिलेलं छापून आलेलं बघायची सवय लागली की त्याला वाचक नसल्याचं दुःख फारसं होत नाही.

तर अशात मला अक्कांची माहिती मिळाली.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव आहे. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, त्याचंच पुढचं सगळं रामायण. अक्का तिथल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. पन्नाशीच्या. खरं नाव वेगळं, पण सगळा गाव अक्काच म्हणतो, मीही तेच म्हणतो. चोपड्याचा एक ओळखीचा शिक्षक म्हणाला, "ती बाई वावरात पुस्तकं घेऊन जाते. बघून या." मला चौकट दिसायला लागली. दिवाळी नुकतीच झाली होती. चोपड्यापर्यंत एसटीने गेलो, पुढे काळी-पिवळी.

पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे माझ्याकडून ती सरकारी कागदावर लिहून घेतली गेली. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. दारावर पाटी : सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते सात. दाराला कुलूप. ओट्यावर एक आबा बसले होते. म्हणाले, "अक्का कापूस येचाले गयी. सकायपासून वावरमा शे." त्यांनी हाताने रस्ता दाखवला.

वावरात अकरा बाया निंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. मधोमध खताची रिकामी पिशवी धुऊन, तिला बंद शिवून केलेली थैली. थैलीत पुस्तकं. आणि एक बाई पुस्तक मांडीवर घेऊन वाचत होती. ओळीखालून बोट सरकवत, अडखळत, पण थांबत नव्हती. बाकीच्या जेवता जेवता ऐकत होत्या. एखादा शब्द अडला की अक्का नुसत्या मान हलवायच्या, ती परत जोर लावायची आणि शब्द सुटायचा. वाचणारीचं नाव शेवंताबाई. तिचं नाव तिच्या परवानगीने लिहितो आहे. त्या वेळी मी ते विचारलंही नव्हतं.

अक्कांनी मला पाणी दिलं, भाकर दिली, वर ठेचा दिला. मी वही काढली.

"भाऊ, सकायले वाचनालय उघडीसनी कोनी वाट दखू?" अक्का म्हणाल्या. "वाचनारी बठ्ठी वावरमा शेतस. मी बी येचाले येस. मंग पिशवी संगे लई येस."

म्हणजे सकाळी उघडून वाट कोणाची बघायची, वाचणाऱ्या सगळ्या तर शेतात, आणि मी स्वतःही वेचणीला येते, म्हणून पिशवी बरोबर आणते. संध्याकाळी परतल्यावर त्या खोली उघडायच्या ती दिवेलागणीनंतरही उघडीच असायची. किती साधी गोष्ट होती. त्यांनी तीन वाक्यांत सांगितली. मी त्याची चौकट केली.

मथळा मी परतीच्या एसटीतच शोधला होता : 'कुलूप लावून कुतूहल उघडणाऱ्या अक्का'. दोन 'कु' जुळले म्हणून जळगावपर्यंत माझा मीच खूश होतो. खाली लिहिलं : 'पहाटेच्या कोवळ्या उन्हात वाचनालयाला कुलूप लावून, डोक्यावर पुस्तकांची पाटी घेऊन ही ज्ञानज्योती शेताच्या बांधावर जाते आणि आपल्या निरक्षर भगिनींना अक्षरांची शिदोरी वाढते.'

निरक्षर. शेवंताबाईला वाचताना मी समोर बसून पाहिलं होतं, तिच्या बोटाकडे पाहिलं होतं, आणि तरी हा शब्द लिहिला. कारण विचाराल तर कारण नाही. 'भगिनी' लिहिलं की माझ्या पेनातून त्याच्या आधी 'निरक्षर' आपोआप उतरायचं. इतक्या वर्षांची सवय होती.

अंक गेला. महिनाभर काही झालं नाही, कारण कधीच काही होत नसे. मग त्या गावच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. त्यांना सगळे नाना म्हणतात.

"बडगुजर, तुम्हाला कोणी सांगितलं होतं आमचं कौतुक करायला?"

मी म्हणालो, "नाना, त्यात काय, आपलं कर्तव्यच आहे."

"कर्तव्य गेलं खड्ड्यात. नोटीस आली आहे. ऐका. 'आपल्याच क्षेत्राच्या वार्तापत्रावरून असे दिसून येते की सदर वाचनालय विहित वेळेत कुलूपबंद असते व पुस्तके नोंदीविना वाचनालयाबाहेर नेली जातात. सबब दर्जा कमी का करू नये, याचा खुलासा करावा.' चौकशीला जिल्हा ग्रंथालय अधिकारी मॅडम स्वतः येणार आहेत. आमच्या वाचनालयाच्या मंडळाचं मत आहे की त्याच्या आधीच अक्कांना काढून टाकावं, म्हणजे खुलासा सोपा होईल."

मी फोन खाली ठेवला. पहिली गोष्ट मनात आली ती लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं : चला, कोणीतरी वाचलं.

दुसरी गोष्ट यायला पाच मिनिटं लागली. माझ्या चौकटीमुळे अक्कांची नोकरी जाणार होती.

दुपारी अक्कांचा फोन आला. मी शब्दांची जुळवाजुळव करून तयारच होतो. पण त्यांनी भलतंच विचारलं.

"भाऊ, तुम्ही लिखं की मी डोकावर पाटी लई जास. मनापाशी पाटी नही शे. पिशवी शे."

"हो अक्का, ते जरा... लिहिण्याच्या ओघात. नोटीस मिळाली ना तुम्हाला?"

"ती उनी. ती मंग दखू. पहिले हाई सांगा, सखू निरक्षर शे हाई तुमले कोनी सांगं? सखू सातवी शे."

सखू म्हणजे निंबाखालच्या अकरा जणींतली एक, सातवी शिकलेली.

"तुमना कागद मी वाचनालयना फळावर लायेल व्हता. बायासनी वाचा. आते पिशवीमाधून कोनी पुस्तक लेत नही. म्हंतस, आम्हीन निरक्षर शेतस, आम्हाले काय करनं पुस्तक."

म्हणजे अंक त्यांनी अभिमानाने वाचनालयाच्या फळ्यावर लावला होता. बायांनी तो वाचला होता. माझं वार्तापत्र शेवटपर्यंत वाचणारे पहिले खरे वाचक तेच, ज्यांना वाचता येत नाही असं मी लिहिलं होतं. नोटिशीची भीती अक्कांना होती, पण ती दुसऱ्या नंबरवर होती. पहिल्या नंबरवर रिकामी न होणारी पिशवी होती.

चौकशीच्या दिवशी मीही गेलो. मला बोलावलेलं होतंच, 'लेखक' म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या तरी कार्यालयाने मला लेखक म्हटलं, ते असं. एसटीत बसल्या बसल्या मी एक निश्चय केला. सगळं नाकारायचं. चौकटीतला शब्द न् शब्द माझ्या कल्पनेतला आहे, कुलूपसुद्धा, असं सांगायचं. माझी अब्रू जाईल, वार्तापत्र जाईल, पण अक्कांची नोकरी राहील. मला स्वतःचंच मन मोठं वाटायला लागलं. त्या निश्चयाचीसुद्धा एक छोटी चौकट मनात तयार झाली होती, हे कबूल करतो.

मॅडम तरुण होत्या, नुकत्याच आलेल्या. आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. खोलीत टेबलाच्या एका बाजूला त्या, समोर नाना आणि मी, दाराजवळ अक्का उभ्या. बाहेर ओट्यावर सात-आठ बाया येऊन बसल्या होत्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मॅडमनी माझी चौकट समोर ठेवली, पेन्सिल घेतली आणि एकेक शब्दाखाली रेघ मारायला सुरुवात केली.

"'पहाटेच्या कोवळ्या उन्हात'. तुम्ही गावात किती वाजता पोहोचलात?"

"सव्वाबारा."

"दुपारी?"

"हो."

त्यांनी लिहून घेतलं. "'डोक्यावर पुस्तकांची पाटी'. पाटी दाखवा."

"पाटी नाही मॅडम. पिशवी होती. खताची."

"'बांधावर'?"

"निंबाखाली."

ओट्यावर कोणीतरी हसलं. मी आजवर किती भाषणं केली, पण माझ्या लेखनाचं इतक्या बारकाईने वाचन त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

"'निरक्षर भगिनी'. तुम्ही त्यांना विचारलं होतं?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

"कळलं नव्हतं. लिहिलं."

पेन्सिल मागे वगळलेल्या शब्दांवर येऊन थांबली. "'वाचनालयाला कुलूप लावून'. हे?"

हीच ती जागा होती. मी घसा साफ केला. "तेही अलंकारिक आहे मॅडम. मथळ्यात दोन 'कु' जुळावेत म्हणून. कुलूप वगैरे काही नव्हतं."

नानांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"नही मॅडम," दाराजवळून अक्का म्हणाल्या. "त्या कागदमा तेवढंच एक खरं शे."

अक्का पुढे आल्या. "कुलूप मी लावस. सकायले मी कापूस येचाले जास. नुसता वाचनालयवर घर चालत नही. संध्याकायले येस, तवय खोली उघडस. पाटीवरनी वेळ आमनी नही, कोनीतरी पहिलेच लिखेल शे. भाऊ मनासाठे खोटं बोली ऱ्हायनात. त्यासले सवय शे."

'माझ्यासाठी खोटं बोलत आहेत, त्यांना सवय आहे.' ही आजवर माझ्या लेखनाची झालेली सर्वांत अचूक समीक्षा. मी मान खाली घातली. मोठेपणाचा माझा बेत त्या बाईने एका वाक्यात माझ्याच हातात परत दिला, आणि तिला वाचवायला मला तिचं खरंही पुसावं लागलं असतं, हे मला तिथे बसून कळलं.

"पुस्तकं बाहेर नेता, त्याची नोंद?" मॅडमनी विचारलं.

अक्कांनी कपाटातून शाळेची दोनशे पानी वही काढली. वाचनालयाचं अधिकृत देवघेव रजिस्टर टेबलावर होतं. त्यात पानापानावर सहा-सात नावं, सगळी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली. तपासणीच्या आधी अशी रजिस्टरं कशी भरली जातात हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, मॅडमनाही माहीत असणार. शाळेच्या वहीत मात्र वेगवेगळ्या शाया होत्या, पेन्सिली होत्या, एके ठिकाणी ठेच्याचा डाग. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी आणलं. ज्यांना सही येत नाही त्यांच्या नावापुढे अक्कांनी फूल काढलेलं, कोणाचं मोठं, कोणाचं छोटं. वहीची पानं भरत भरत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आली होती. त्यानंतर पानं कोरी.

"इथे एकदम थांबलं," मॅडम म्हणाल्या.

अक्का म्हणाल्या, "हा कागद उना तवयपासून." म्हणजे माझा कागद आला तेव्हापासून.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

निकाल सरळ लागला. पाटीवरच्या वेळेत वाचनालय बंद ठेवलं ही चूक, त्याबद्दल अक्कांना लेखी ताकीद. ती त्यांच्या कागदांत आजही असेल. मी ती थांबवू शकलो नाही. मंडळाने ठराव करून वेळ बदलावी आणि ती दुपारी चार ते रात्री आठ करावी. बाहेर नेलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद अधिकृत रजिस्टरात व्हावी. दर्जा कमी करण्याची गरज दिसत नाही. "आणि ग्रंथपाल बदलायचं काही कारण मला दिसलं नाही," त्या नानांना म्हणाल्या. नाना म्हणाले, आमच्याही मनात तसं काही नव्हतं.

निघताना मॅडम माझ्याकडे वळल्या. "पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापा."

"लगेच लिहितो."

"तुम्ही लिहू नका," त्या म्हणाल्या.

शुद्धिपत्र सखूबाईंनी लिहिलं. तीच सातवी झालेली. अक्कांनी आणि बाकीच्यांनी निंबाखाली बसून सांगितलं, तिने शाळेच्या वहीच्या पानावर उतरवलं आणि पाकिटातून जळगावला पाठवलं. मी पान उघडलं आणि सवयीने लाल पेन हातात घेतलं. पहिल्या ओळीतला 'शेतस' खोडून 'आहेत' केला. मग दुसऱ्या ओळीतला. 'येस'चं 'येतं' केलं. मग सगळं स्वच्छ टाईप करून काढलं आणि वाचून पाहिलं. भाषा शुद्ध होती, काना-मात्रा जागेवर होत्या, आणि ते हुबेहूब मी लिहिल्यासारखं वाटत होतं. एवढं पुरे झालं. ते फाडलं. मूळ पानाची तशीच छायाप्रत काढली, सखूबाईंच्या अक्षरात, आणि 'कौतुक' चौकटीच्या जागी लावली :

'वाचनालयना कागदमा आमना बारामा लिखेल व्हतं, त्यामा चुका शेतस. आम्ही अकरा जनी शेतस. नऊ जनीसले वाचता येस. सखू सातवी शे. शेवंताबाई शाळामा गयी नही, अक्कानी तिले शिकाडं, आते ती वाचस. दोन जनीसले वाचता येत नही, त्या ऐकतस. त्यासनं नाव आम्ही लिखत नही. अक्कानापाशी पाटी नही. भाऊ उनात तवय सव्वाबारा वाजेल व्हतात, पहाट नव्हती. भाऊले पानी बी आम्हीच दिन्हं.'

शेवटचं वाक्य तीन-चार वेळा वाचलं. त्यात राग होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अंक गेला आणि फोन वाजायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पारोळ्याच्या बाजूचा एक ग्रंथपाल म्हणाला, "भाऊ, आमचंही सकाळी कुलूपच असतं. ठराव कसा करायचा, नमुना पाठवा." शिरपूरकडच्या एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या वाचनालयात दुपारी फक्त पंखा वाचतो. दोन महिन्यांत पाच-सहा ठिकाणच्या पाट्या बदलल्या. मी जे नमुने पाठवले त्यात एकही विशेषण नव्हतं. सगळ्यांना ते लगेच समजले. 'कौतुक' ही चौकट मी बंद केली. त्या जागी ज्याने त्याने स्वतः लिहून पाठवायचं, मी फक्त छापायचं, असं ठरलं. पुढे तेही वार्तापत्र गेलं आणि त्या जागी मोबाईलचा ग्रुप आला. त्यात सकाळी फुलं येतात. असो.

पण हे सगळं होण्याआधी, त्या अंकाचा गठ्ठा घेऊन मी परत त्या गावाला गेलो. पोस्टाने पाठवता आला असता. अक्का म्हणाल्या, पिशवीतली पुस्तकं परत जायला लागली. सखूने दोन नेली. सगळ्या घेतात. "शेवंता मातर लेत नही."

आम्ही दोघं शेवंताबाईच्या घरी गेलो. ती अंगणात शेंगा फोडत होती. सून चुलीपाशी. सून बारावी झालेली, नुकतीच लग्न होऊन आलेली. मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, कारण बिनविशेषणाची माफी मागायची सवय नव्हती.

शेवंताबाई म्हणाली, "तुमना कागद इनी वाचा." तिने सुनेकडे बोट केलं. "माले म्हने, आत्याबाई, छापेल शे तुमले वाचता येस नही. तुम्ही वाचतस ते पाठ व्हई."

म्हणजे सुनेला वाटलं की सासू वाचते ते पाठ केलेलं म्हणते. छापून आलं होतं ना. छापलेलं खोटं कसं असेल? सून वर बघेना. तिची काही चूक नव्हती. अक्षरावर विश्वास ठेवायचं तिला शाळेत शिकवलं होतं.

मी नवा अंक पुढे केला. "हे वाचा शेवंताबाई. तुमचं शुद्धिपत्र. सुनेसमोर वाचा."

तिने अंक घेतला, बघितला, मान हलवली. "हाई नही. हाई आम्हीच सांगेल शे. हाई माले खरंच पाठ शे."

आणि तिने पान उलटलं.

मागच्या बाजूला एप्रिलच्या तपासणीचं वेळापत्रक होतं. तालुका, वाचनालय, तारीख, वेळ. त्याच्याइतका रुक्ष मजकूर मी आयुष्यात दुसरा टाईप केलेला नाही. तिने हातातल्या शेंगा बाजूला ठेवल्या, पदराला बोटं पुसली आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. "चो-प-डा. ता-री-ख ती-न." मग पुढची ओळ. पारोळ्याला अडखळली, परत मागे आली, सोडवलं. सून चुलीपासून उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि खांद्यावरून बघू लागली. एका ठिकाणी तिने हळूच शब्द पुरवला तेव्हा शेवंताबाई म्हणाली, "थांब. मी वाचस." अक्कांनी एकदाही मान हलवली नाही. मी अंगणात उकिडवा बसून माझं स्वतःचं वेळापत्रक ऐकत होतो.

शेवटच्या ओळीवर ती थांबली. मला वाटलं, शब्द अडला. बोदवडचं नाव होतं, पुढे तारीख. तिने बोट उचललं, परत ठेवलं. मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हाई दखा, एप्रिलनी एकतीस तारीख लिखेल शे."

"हो. बोदवडची तपासणी."

"एप्रिलले एकतीस नही ऱ्हात."

मी कागद तिच्या हातून घेतला. एकतीस. मी टाईप केलं होतं, दोनदा तपासलं होतं, कार्यालयात तीन जणांनी सह्या केल्या होत्या, आणि शेकडो प्रती दोन जिल्ह्यांत जाऊन पोहोचल्या होत्या. सून खुदकन हसली. मग सासूकडे बघून आणखी जोरात हसली, आणि शेवंताबाईच्या तोंडावरही हसू आलं, पण तिने ते दाबलं. ती माझ्या खिशातल्या पेनाकडे बघत होती.

मी पेन काढलं.

"तीस करा," ती म्हणाली.